मिस्त्रीचं तुटकं चाक

लबाडी करतानाही माणसानं थोडी मेहनत घ्यावी. परभणीच्या मोटार स्टँडामागचा आमचा मिस्त्री तेवढीही घेत नसे. निजामी गेली, पण गावात दुसरा मिस्त्री काही आला नाही, म्हणून माझी जुनी मोटार बिघडली की त्याच्याच दारात जावं लागे. तो इंजिनाला कान लावायचा आणि मयताला आल्यासारखं तोंड करायचा.

"वकीलसाब, गिअर खलास हाय."

संध्याकाळी तो तेलानं माखलेलं एक तुटकं दातेरी चाक पुढं करी. "हे बघा, तुमच्याच गाडीतलं. मी काय फसवायलोय?"

पुरावा समोर आला की मी मुकाट पैसे देई. मग ते चाक तो फडक्यात गुंडाळून जपून ठेवी.

एकदा मी म्हटलं, "माझ्या गाडीतलं आहे ना? मग मी घरी नेतो." त्याचा चेहरा उतरला, पण नाही म्हणता येईना. बायकोनं ते चाक दाराला अडण म्हणून लावलं.

दोन दिवसांत स्वारी आमच्या ओसरीवर हजर. शरम नावालाही नाही.

"वकीलसाब, ते चाक द्या परत. वालूरच्या शेटजींची मोटार आलीय. त्यांच्या गाडीतलं काय निघालं म्हणून दाखवू?"