फुल्यांमागचं नाव

आईचा पितळी सोऱ्या मी तिला न विचारता लिलावात काढला. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर ते अगदीच किरकोळ दिसतंय.

तेव्हा आम्ही तांबरमला राहायचो. शोळिंगनल्लूरच्या आमच्या ऑफिसात इंटरनेटवरच्या लिलावांचं वेड पसरलं होतं. मीही घरच्या कॉम्प्युटरवर खातं उघडायला बसलो. पैशांची देवघेव एका पेमेंट सेवेमार्फत. पासवर्ड विसरलात तर ओळख पटवायला एक गुप्त प्रश्न: आईचं माहेरचं नाव काय?

मी अडलो. आमच्या तंजावरी मराठी घरांत लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत. आईचं सासरचंच नाव मला ठाऊक. तिला हाक मारली. पण त्याआधी सुरक्षिततेच्या सगळ्या सूचना मी तिला मोठ्यानं वाचून दाखवल्या होत्या. हे उत्तर कुणालाही सांगू नका, घरच्यांनासुद्धा.

"मग तुला कशी सांगू डा?" आई तिच्या तमिळ वळणाच्या मराठीत म्हणाली. "सरक. मीच लिहिते."

कीबोर्डावर पदर धरून, शाळेतली इंग्रजी अक्षरं आठवत, तिनं एका बोटानं नाव लिहिलं. पडद्यावर फुल्या उमटल्या.

"अय्यो! फुल्या तर शिवीला घालतात. माझं नाव काय शिवी आहे?"

मी हसलो. काय विकणार म्हणून तिनं विचारलं, तर "जुनी पुस्तकं" म्हणालो.

सोऱ्या माळ्यावर पडून होता. मुरुक्कू, म्हणजे आमच्याकडची चकली, आई हल्ली दुकानातून आणायची. मी जाहिरातीत लिहिलं: तंजावरचं प्राचीन यंत्र. बंगळूरच्या एका गृहस्थांनी विचारलं, हे शस्त्र आहे का? मी कळवलं, समारंभांत वापरत. खोटं नव्हतं. सगळ्यात चढी बोली त्यांचीच. पैसे थेट पाठवतो, आधी वस्तू धाडा, असंही म्हणाले. मी ताठपणे उत्तर दिलं: व्यवहार सेवेमार्फतच होईल. घरात चोरी करून बाहेर मी इतका काटेकोर होतो. त्यांनी पैसे सेवेकडे भरले. वस्तू त्यांना पोचली की मला मिळणार.

सोऱ्या पार्सलात बांधून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "दीपावळीला यंदा मुरुक्कू घरी करायचा. माळ्यावरून सोऱ्या काढून दे."

विक्री रद्द करायची, पैसे परत करायचे, तर खात्यात शिरायला हवं. घाबरून पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला, आणि पडद्यावर तो प्रश्न येऊन बसला.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. "आई, तुझं माहेरचं नाव काय गं?"

"कोण विचारतंय?"

"मीच विचारतोय."

"असंच विचारतात, तूच वाचून दाखवलंस. ओळखीचे होऊन, गोड बोलून."

"अगं, मी समोर उभा आहे!"

"समोर उभं राहूनसुद्धा विचारत असतील."

मग सगळं सांगावं लागलं. सोऱ्या, यंत्र, समारंभ, बंगळूर. ती हातातली डाळ निवडत ऐकत होती.

"शस्त्र आहे का म्हणाला तो?"

"हो."

"शहाणा माणूस. आत्ता सोऱ्या हाताशी असता तर तुलाही पटलं असतं."

ती उठली, कॉम्प्युटरपुढे बसली, पदर धरला. फुल्या पडल्या, खातं उघडलं. पैसे बंगळूरला परत गेले, सोऱ्या घरी आला.

दिवाळीत तो दाबायला तिनं मलाच बसवलं. पीठ घट्ट, मूठ भरून आलेली. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "आता तरी सांग की नाव."

"आता कुठलं खातं अडलंय?"

"कुठलंच नाही. असंच."

माझ्या उभ्या आयुष्यात हे मी पहिल्यांदा 'असंच' विचारत होतो. तिलाही ते कळलं असावं. तिनं कढईतला मुरुक्कू उलटला.

"फुल्या मोजायच्या होत्यास," ती म्हणाली. "दाब आता."