बाईंच्या वहीतली घरातली

माझ्या आईने तिची वही माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्यादेखत दुसऱ्या बाईला देऊ केली, तेव्हा मी कोशिंबीर कालवत होते. हात थांबला नाही, पण त्या दिवशी कोशिंबिरीत मीठ दोनदा पडलं.

ही दोन हजार सहाची गोष्ट. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर आली होती. येताना पापड-लोणच्याबरोबर तिने रेक्झिनच्या पाठीची एक जाडजूड वही आणली होती. एकाहत्तरच्या युद्धाच्या वर्षी ती साताऱ्याकडच्या एका माळावर मुलींची शेतीशाळा चालवायची. सकाळी पुस्तकं, दुपारनंतर शेत. चाळीसेक मुली वसतिगृहात राहायच्या, आणि मीही. रोज संध्याकाळी दिवे लावायच्या आधी ती त्या वहीत दिवसाची नोंद करायची. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे निम्म्या मुलींचे वडील तेव्हा सीमेवर होते.

त्यांतलीच एक मुलगी आता इथेच, सेरंगूनला राहत होती. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पीआर म्हणजे कायमचा राहण्याचा परवाना मिळालेली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. आई आल्यापासून ती दर शनिवारी गाडी बदलून आमच्याकडे यायची, डब्यात काहीतरी करून आणायची आणि आईच्या पायाशी बसून केसांना तेल लावून घ्यायची. पंचेचाळीस वर्षांची बाई! ती माझ्या आईला ‘आई’ म्हणायची. मी मात्र ‘बाई’ म्हणते. शाळेत मला वेगळं वागवलं असं कुणी म्हणू नये म्हणून लहानपणी तसा नियम होता, आणि पुढे तो सुटलाच नाही. आईला कोण काय म्हणतं याने काय बिघडतं, असं मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. बिघडतं.

शाळेचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. वही टाईप करून तिचं पुस्तक करावं, अशी त्या सेरंगूनवालीची कल्पना. आई म्हणाली, पुढच्या शनिवारी घेऊन जा, तोवर मी पानांना खुणा घालते. मला कुणी विचारलंही नाही. मी दिवसभर कॉम्प्युटरवरच असते आणि माझं मराठी टायपिंग तिच्याहून चांगलं आहे, हे मी भांडी आवरताना स्वतःलाच सांगितलं. माझी मुलगी तेरा वर्षांची, सोफ्यावर लोळत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ममी, यू सो जेलस लाह.” मी तिला अभ्यासाला पिटाळलं.

सोमवारी सकाळी ती वही मी माझ्या ऑफिसच्या बॅगेत टाकली. चोरलीच म्हणा. संध्याकाळी घरी आले तर आई स्वतःची बॅग उपसून बसली होती. गुडघे धरून वाकत होती, पलंगाखाली बघत होती. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी नाही बघितली. खोटं बोलताना मला वाईट वाटलं, पण द्यावीशी काही वाटली नाही.

वन-नॉर्थला माझं ऑफिस. एमआरटीच्या मेट्रोने जाता-येता मी वाचायचे. मला एकच गोष्ट शोधायची होती: त्या वहीत मी कुठे आहे. मी तेव्हा आठ वर्षांची होते, म्हणजे असायलाच हवी होते. पानं उलटत गेले. धाकट्या तुकडीतल्या तिघींना खोकला, अडुळशाचा काढा दिला. गव्हाला पाणी, पाटावर मोठ्या मुली, एकीच्या पायाला काच. एकीला केसांत उवा, एकीचं पोट दुखतं पण खरं तर घरची आठवण येते. कोण कशी हसली, कुणाचं पत्र आलं, कुणी जेवताना भाकरी लपवली, सगळं. आणि मी? कधीमधी ‘घरातली’ एवढा एक शब्द. भाकऱ्या कमी पडल्या, घरातलीला अर्धी. लोकरीचे कपडे आले ते मुलींना पुरले, घरातलीला जुनाच स्वेटर. तो स्वेटर मला आठवतो. बाहीला भोक होतं.

मग डिसेंबरचं पान आलं. ‘दुपारी तार. तिचे वडील गेले. काका येईपर्यंत तिला सांगायचे नाही, असे गावाहून कळवले आहे. आजपासून तिला माझ्याजवळ घेतले. घरातली मुलींच्या ओळीत.’

मी ऑफिसजवळच्या ब्युओना व्हिस्टाला उतरायचं विसरले आणि पार पुढे गेले.

तो डिसेंबर मी पस्तीस वर्षं उरी धरून बसले होते. आईच्या शेजारची माझी जागा, तिच्या लुगड्यांची गोधडी, सगळं एका दिवसात त्या सेरंगूनवालीला मिळालं आणि माझं अंथरूण मुलींच्या दालनात भिंतीपाशी गेलं. का, ते मला कुणी सांगितलं नाही. तिचे वडील गेल्याचं पुढे सगळ्यांना कळलं, पण तार त्याच दिवशी आली होती हे मला आत्ता, गाडीत उभ्या-उभ्या कळलं. कळल्यावर मत्सर जावा ना? नाही गेला. उलट आता त्याला कारणही उरलं नाही, त्यामुळे तो आणखी चिवट झाला.

आणि त्याच्या पुढच्याच पानावर ती ओळ होती. ती मी दोनदा वाचली आणि वही मिटली.

गुरुवारी मी वही आईच्या बॅगेत, साड्यांच्या खाली ठेवली. तिने काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मीच विचारलं, “बाई, तुम्ही माझ्याबद्दल काहीच का नाही लिहिलंत?”

तिने चष्मा पुसला. ती वही ती स्वतःसाठी लिहीतच नव्हती, असं तिने सांगितलं. सुट्टीवर आलेला बाप घरी ट्रंक ठेवायच्या आधी शाळेत यायचा आणि विचारायचा, माझी पोर कशी होती. त्याला एकेक दिवस वाचून दाखवायचा, म्हणून ती नोंद. मग तिने अगदी साधेपणाने मला विचारलं, “तुझ्याबद्दल विचारायला कोण येणार होतं?”

माझे वडील मी दोन वर्षांची असतानाच गेले होते. मी उठून गॅसवरची आमटी ढवळायला लागले. तिचं खरं होतं आणि तेच मला सहन होत नव्हतं.

शनिवारी सेरंगूनवाली आली. पुरणपोळ्या घेऊन आली होती, त्याही चांगल्या झाल्या होत्या. आईने खुणेचं पान उघडून वही तिच्या हातात दिली आणि म्हणाली, तारेच्या दिवसापासून वाच. ती मोठ्याने वाचायला लागली. स्वतःच्या बापाची बातमी तिने न थांबता वाचली. फक्त एकदा पाणी प्यायली. मग पान उलटलं. मी ओट्यापाशी उभी होते. आता ती ओळ येणार होती.

ती क्षणभर थबकली आणि थेट पुढच्या दिवसावर गेली. गव्हाला पाणी, पाट फुटला.

म्हणजे तिला माहीत होतं. कदाचित तेव्हापासूनच. तिने मला सांभाळून घेतलं होतं, माझ्या मुलीसमोर, माझ्या आईसमोर. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी जागा घेतली, गोधडी घेतली, ‘आई’ हा शब्द घेतला, आणि आता त्या सबंध वहीत माझ्याबद्दल असलेली एकुलती एक ओळ, तीही हिने मोठ्या मनाने गाळून टाकली. पुस्तकात मी ‘घरातली’ म्हणून अर्धी भाकरी खात राहणार, बस.

“मधली एक ओळ राहिली,” मी म्हणाले.

ती म्हणाली, राहू दे गं, लहान होतीस.

“वाच.”

तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. मग तिने हळू आवाजात वाचलं, “तिच्या अंथरुणात गवताची कुसळे निघाली. घरातलीचे काम. झटकून टाकली. घरातलीला बोलले नाही, तिचीही जागा गेली आहे.”

ती कुसळं मी माळावरून ओच्यात गोळा करून आणली होती, एकेक करून चादरीत खोचली होती. माझ्या मुलीने कानातला इअरफोन काढला. आई खिडकीकडे बघत होती.

“टाईप करशील तेव्हा हीही घे,” मी म्हणाले. “माझी एवढी एकच आहे.”