गुलाबची झील

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या लहानपणी धरणाच्या रस्त्यावर कुणाला पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसायची, कुणाच्या अंगात यायचं. मला कधी काही दिसलं नाही, आणि ज्यांना दिसलं त्यांची मी मनसोक्त टिंगल केली. आजही करतो. पण एक गोष्ट अशी आहे की तिला हसता येत नाही... आणि ती सांगायची तर आधी माझं खोटं सांगावं लागतं. म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही.

साल १९७६, कापूस वेचणीचे दिवस. आमचं गाव हिंगणी – वर्धा जिल्ह्यात, सेलूहून बोर धरणाकडे जाताना लागतं. तिथं मी आणि माझा मित्र गुलाब, दोघं मिळून भजनं आणि गाणी म्हणायचो. पेटी आणि कडवी माझी, खंजिरी आणि झील गुलाबची. झील म्हणजे कडवं संपलं की मागच्याने ध्रुपदाची ओळ उचलून धरायची. ऐकणाऱ्याला वाटतं, ती शोभेसाठी असते. खरं तर तेवढ्यात पुढचा गाणारा दम घेतो. गुलाबची एक खोड होती. ओळीतल्या शेवटच्या ‘रे’ला तो जरा वर चढवायचा, लांबच्या वावरातल्या माणसाला हाक मारावी तसा.

"सरळ सोड ना बे," मी म्हणायचो.

"तू तुह्या कडव्याचं पाह्य. मांगचं मी पाह्यतो."

आम्हाला नाव कमवायचं होतं. सिंदी, जाम, समुद्रपूर, जिथं भजनस्पर्धा असेल तिथं पेटी घेऊन हजर. मग मी नागपूरच्या रेडिओचा ऑडिशनचा फॉर्म आणला. दोघांची नावं लिहिली. गुलाबने जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत सही केली.

आणि मग माझ्या मनात आलं, रेडिओवर सांगतील – ‘प्रभाकर आणि साथीदार’. मला ते ‘आणि साथीदार’ नको झालं. मी दुसरा फॉर्म आणून एकट्याच्या नावाने भरला आणि पाठवला. पहिला फाडायला मात्र हात होईना. तो घडी करून पेटीच्या भात्याखाली सरकवून दिला.

महिन्याभराने बोलावणं आलं, सोमवारचं. गुलाबला सांगितलं, भाता फाटलाय, दुरुस्तीला नागपूरला नेतो. भाता थोडा फाटला होताच. मोटारीपर्यंत पेटी खांद्यावर त्यानेच आणून दिली.

"फॉर्मचं काई आलं काय रे?"

"नाही अजून."

"येईल. संध्याकाळी जेवाले येजो, कौसल्या भरीत करून राह्यली."

कौसल्या म्हणजे त्याची बायको. खिडकीतून मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

स्टुडिओचं दार इतकं जाड की ते लागलं आणि कानांत दडे बसल्यासारखं झालं. आत मी आणि तिथले म्हातारे तबलजी, दोघंच. परीक्षक काचेपलीकडे. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी माझंच गाणं लावलं, ‘बोरच्या पाण्यावानी मन वाहते रे’. चार कडव्यांचं.

पहिलं कडवं झालं आणि सवयीने थांबलो. मागे कुणीच नव्हतं. नुसता तबला वाजत होता. तेव्हा मला कळलं की मी एकट्याने कधी गायलोच नव्हतो. सात वर्षं माझं प्रत्येक कडवं गुलाबच्या झिलेवर टेकलेलं होतं, आणि तेवढाही विचार मी केला नव्हता. घाईने दुसरं कडवं उचललं, ते दमाअभावी फाटतच गेलं. शेवटच्या ओळीला वाटलं, आता हात जोडून उठावं.

आणि झील आली.

माझ्या डाव्या खांद्यामागून, जिथं गुलाब बसायचा तिथून. शेवटचा ‘रे’ वर चढलेला. मी मागे पाहिलं नाही, पाहायची हिंमत नव्हती. दम घेतला. तिसरं कडवं म्हटलं – झील. चौथं म्हटलं – झील. मोजून तीनदा.

परीक्षक साहेब स्वतः आत आले. "झील कोण धरत होतं? फॉर्मवर तर एकच नाव आहे." त्यांनी दार उघडून बाहेरही पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. तबलजी मला हळूच म्हणाले, "साथीदाराला बाहेर उभं नका करू भाऊ. चांगला गळा आहे."

त्या संध्याकाळी मी जेवायला गेलो नाही. गेलो तिसऱ्या दिवशी. कौसल्यावहिनी भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दोस्ताले डॉक्टरले दाखवा. सोमवारी कापूस वेचता वेचता उभे राह्यले अन् लागले गाले."

"काय गायला?"

"कडवं नाई, काई नाई, निस्ती झील! म्हनाचं, मंग चूप राहाचं, पुन्हा म्हनाचं. तीन डाव. बाया हासून हासून बेजार. अकराची धरणावरची मोटार नुकतीच गेलती."

गुलाब वांग्याचं देठ चोखत होता. "अवं, आलं तोंडात," एवढंच म्हणाला.

मी पास झालो. गुलाबला सांगितलं, त्यांनी तुझं नाव कापलं, मला एकट्यालाच घेतलं. "बरं झालं," तो म्हणाला, "मले कोठं नागपूर जमते." पुढे रेडिओमुळे नाव झालं, वर्ध्याच्या शाळेत संगीत शिक्षकाची नोकरी लागली. स्टुडिओत ती झील पुन्हा कधी आली नाही, मी दम चोरून गायला शिकलो. हिंगणीच्या चहाच्या हॉटेलात माझं गाणं लागलं की गुलाब सगळ्यांना गप्प करायचा... हे मला लोक सांगायचे, आणि मी विषय बदलायचो.

१९८४ साली त्याच्या वावरात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. दोन्ही फॉर्म, भाता, स्टुडिओ.

"फॉर्मचं मले मालूम हाय," तो म्हणाला. "तू नागपूरहून आला त्याच हप्त्यात पेटी खोलली मी, म्हटलं भाता कसा शिवला पाहू. भाता तसाच फाटका. खाली माही सही."

"अन् त्या दिवशी वावरात?"

"ते नाई समजत लेका. बोंडं वेचता वेचता वाटलं, कडवं संपलं. कोनाचं, कोठचं, काई मालूम नाई. संपलं म्हनून धरलं."

"आठ वर्षं काऊन बोलला नाहीस?"

त्याने तंबाखू मळून माझ्यापुढे धरली. "तुले दम घ्याले वेळ लागते. मले आजचं माहीत हाय काय ते?"

पुढच्या फॉर्मवर दोन नावं लिहिली. त्याचं वर. गुलाबने पूर्वीसारखीच जीभ बाहेर काढून सही केली. स्टुडिओत तबल्यावर तेच म्हातारे होते. त्यांनी गुलाबला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पहिली झील झाली, शेवटचा ‘रे’ वर चढला, आणि गाणं संपल्यावर ते चष्मा वर करून त्याच्याकडे बघत राहिले.

"त्या पहिल्या खेपेला बाहेर उभे होते ते तुम्हीच ना?"

गुलाबने माझ्याकडे पाहिलं. "हो जी," तो म्हणाला, "या बारीले आत घेतलं यानं."

हिंगणीचं वावर आणि नागपूरची ती खोली यांच्यात मोटारीचा दोन तासांचा रस्ता आहे. तेवढ्या अंतरावरून, त्या जाड दारातून तो आवाज कसा आला, हे मी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं, रेडिओच्या इंजिनियरला विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. मलाही नाही. गुलाब विचारतच नाही. आता आम्ही दोघांनीही पन्नाशी ओलांडली, त्याचा ‘रे’ अजून वरच जातो, आणि मी त्याला सरळ सोड म्हणत नाही.