विलायती खेळाडूचा नववा गोल

माळ्यावर सापडलेल्या चामडी फुटबॉलला अजून जवसाच्या तेलाचा वास होता, आणि अकोल्याच्या जुन्या शहरातली ती सभा आठवली. कापसाचे भाव पडले होते, खरेदी केंद्राबाहेर गाड्या आठवडाभर खोळंबत, म्हणून आमचं फुटबॉलचं मैदान कापूस ठेवायला द्यायचं घाटत होतं. मी इतिहासाचा मास्तर. उठून ठोकून दिलं, की पहिल्या महायुद्धाआधी विलायतेत दोन क्लबांकडून पगारावर खेळलेला एक नामी खेळाडू गुडघा गेल्यावर इथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात नोकरीला आला आणि याच मैदानावर त्यानं एका सामन्यात नऊ गोल केले. अध्यक्षांनी पुरावा मागितला, तसा मी नुसतेच खिसे चाचपू लागलो. तेवढ्यात आमचे म्हातारे गोलकीपर चाचा उठले. "गुरुजी चुकून राहिले. नऊ नाही, आठच. नववा माह्या अब्बानं अडवला." मैदान वाचलं, दगडी पाटीही लागली. त्या दिवशी सभेतून बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चाचा, अब्बा खेळत होते?" "कायचे खेळतात? अत्तर विकत. बॉल दिसला का दुकान बंद करत. पण तुमी एकटे पडले होते." त्या वर्षी कापूस रस्त्याकडेलाच भिजला, ते पाप माझं. पाटीवरचे आठही गोल मीच रचलेले, हे आज लिहून ठेवतो. नववा, अध्यक्षांनी माझ्यावर मारलेला, मात्र चाचांनी खरोखर अडवला होता.