हक्कसोडाचं नाटक

आत्याला सहीसाठी वैजापूरला नेलं त्या दिवशी आमच्या घरात जिलबी आली होती. ही गोष्ट मी पहिल्यांदा मोठ्यानं सांगितली ती विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात, फरशीवर मांडी घालून बसलेल्या पंधरा-सोळा जणांसमोर.

सरांनी आम्हाला एक काम दिलं होतं. "पेपरातली बातमी आणू नका," ते म्हणाले होते. "हुंडा, दारू सगळ्यांना पाठ आहे. स्वतःच्या घरातली अशी एक गोष्ट आणा, जी घरात कुणालाच चूक वाटली नाही."

मी आठ दिवस शोधत होते. आमचं घर शेतीवाडीचं, खाऊनपिऊन सुखी. वडिलांनी कधी कुणावर हात उगारला नाही. सांगण्यासारखं काही नाहीच, असं वाटत असतानाच ती जिलबी आठवली. आजोबा गेल्यावर जमीन वडिलांच्या एकट्याच्या नावावर व्हावी म्हणून आत्यानं हक्कसोडपत्रावर अंगठा दिला होता. बापाच्या रानातला आपला वाटा तिनं भावाला सोडला. तिला हिरवी साडी मिळाली. सगळे हसतखेळत जीपनं परत आले, मी तिच्या मांडीवर. आमच्या विहिरीजवळून जाताना ती हळूच म्हणाली, "ही विहीर खोदली तवा मी माती उपसली होती." पुढं बसलेल्या कुणाला ते ऐकू गेलं नाही.

माझं सांगून झाल्यावर जुन्या शहरातून येणारी माझी मैत्रीण म्हणाली, "हमारे में तो कानून में बेटी का बेटे से आधा लिखा है. मिलता वो भी नै. अम्मी को एक जोडा दिए थे कपडे का, बस."

सरांनी वही मिटली. "हेच बसवा," ते म्हणाले.

नाटक पंचवीस मिनिटांचं झालं. एक टेबल, एक स्टूल, शाईचा पॅड. आत्या मी. मैत्रीण कचेरीतला कारकून, तिच्या अब्बांचा जुना कोट घालून. भावाचं काम गंगापूरकडचा एक वर्गमित्र करायचा, तोही बागायतदाराच्या घरचा. "तुझंच घर हाय, कवाबी ये," हे वाक्य आलं की तो अडखळायचा. एकदा तालमीत तो मटकन खालीच बसला. म्हणाला, "हे मी खरंच बोललोय. माझ्या बहिणीला. मागच्या उन्हाळ्यात." आम्ही पाणी प्यायलो आणि तालीम पुन्हा पहिल्यापासून केली.

शेवटी मी अंगठा द्यायचे आणि निळा अंगठा प्रेक्षकांकडं करून नुसती उभी राहायचे. संवाद नव्हता.

पहिला प्रयोग विद्यापीठाच्या आवारात झाडाखाली झाला. खूप टाळ्या पडल्या. मी खूश होते. सर म्हणाले, "इथं टाळ्या पडणारच. ज्यांच्या घरी जमीन आहे, त्यांच्यासमोर करा."

गंगापूरच्या पुढं एका गावात एका कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर लागलं होतं. आम्ही तिथं गेलो. शिबिराचे प्राध्यापक भले माणूस. त्यांनी संहिता चाळली आणि त्यांचा चेहरा उतरला. "ऊसवाल्यांचं गाव आहे. पोरांचं जेवण त्यांच्याच घरून येतंय. तुम्ही स्वच्छतेवर काहीतरी करा ना."

मैत्रीण कोटाची बटणं लावत म्हणाली, "सर, झाडू हम सुबह मार लेते. नाटक यहीच होगा."

पाचच्या सुमाराला मारुतीच्या देवळासमोर सुरू केलं. पुरुष पारावर, बायका समोरच्या घरांच्या ओट्यांवर. सगळं नीट चाललं होतं. मी अंगठा पॅडकडं नेला आणि ओट्यावरून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "कर बाई सही. भाऊ तुटला की माहेर तुटतं."

तिच्या मागून दुसरी बोलली, "तुटू दी की! म्या केली सही. कोण इचारतंय मला?"

"तुला साडी तरी मिळाली. मला तीबी नाय."

"अगं पण भावाशी भांडून जायाचं कुठं?"

त्या एकमेकींशीच बोलायला लागल्या. माझा अंगठा हवेतच. संहितेत लिहिलं होतं, सही करायची. पण मला ती करवेना. मी पॅडपासून हात मागं घेतला आणि त्यांचं ऐकत राहिले.

मग पारावरून पांढरी टोपी घातलेला एक माणूस उठला. "ए, बंद करा हे! आमच्या घरात भांडणं लावायला आलात व्हय?"

प्राध्यापक धावत आले. आवरा, आवरा, अशा खुणा करायला लागले. मला तेव्हा काय झालं कुणास ठाऊक. मी उभी होते तिथंच, धुळीत, खाली बसले. मैत्रीण माझ्याशेजारी बसली. मग भावाचं काम करणारा वर्गमित्रही बसला, आणि तो त्यांच्याच भागातला, पाहुण्यारावळ्यातला निघाला म्हणून टोपीवाला जरा गोंधळला.

"नाटक संपल्याबिगर उठणार नाय," तो म्हणाला.

"मग संपवा लवकर!"

"बायकांचं बोलून झालं की संपवतो," मी म्हणाले.

बायका दिवेलागणीपर्यंत बोलत होत्या. कुणी आत्यानं सही करावी म्हणत होतं, कुणी नको. एकीला रडू फुटलं तेव्हा दुसरीनं तिला गप्प केलं नाही. नाटक पूर्ण झालंच नाही. गावातून आम्हाला जेवण आलं नाही. शेंगदाणे खात आम्ही एसटीनं परत आलो, आणि सबंध रस्ताभर तिघंही एकदम बोलत होतो.

चौथ्या दिवशी दादा विभागात आला. दर रविवारी एसटीवर माझा डबा चढवून देणारा माझा मोठा भाऊ. लिंबाखाली मोटारसायकल लावून उभा होता.

"तू आपल्या घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणं."

"आत्याची मांडली."

"आत्यानं तक्रार केली का कधी?"

"तिला कधी कुणी विचारलं का?"

त्यानं मोटारसायकलला किल्ली लावली. मग म्हणाला, "बंद कर. नायतर घरी चल."

"दोन्ही नाय," मी म्हणाले.

त्या रविवारपासून डबा बंद झाला. मी मैत्रिणीच्या डब्यात जेवायला लागले आणि आम्ही प्रयोग करत राहिलो. दौलताबादला केला, शहरातल्या कॉलेजांत केला, शेवटी वैजापुरातही केला. तिथं शेवटच्या रांगेत मला वडील दिसले. प्रयोग संपल्यावर मी बाहेर धावले तर ते निघून गेले होते. त्यावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. याची मला आजही खंत आहे.

काही वर्षांनी वडील गेले. मी तेव्हा शहरात एका शाळेत शिकवत होते. तेरावं झाल्यावर महिन्याभरानं दादाचा फोन आला. "मंगळवारी वैजापूरला ये. तेवढी सही करायची."

कचेरीबाहेर लिंबाखाली दस्तलेखकाचं टेबल होतं. दादाच्या हातात पिशवी, पिशवीत जांभळी साडी. दस्तलेखकानं कागद माझ्यापुढं सरकवला आणि बोट ठेवलं. "इथं करा, ताई."

मी कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. इतका वेळ घेऊन तो तिथं कुणी वाचत नसावं. मागं उभी असलेली माणसं चुळबुळ करायला लागली. 'स्वखुशीने' या शब्दावर मी थांबले.

"हे खोटं आहे," मी दस्तलेखकाला म्हणाले. "माझी खुशी नाही."

दादा माझ्या कानाशी वाकला. "लोक बघायलेत. हे नाटक नाय."

"व्हय, नाय. नाटकात मी इतक्यांदा सही केली. इथं नाय करणार."

  दादानं साडीची पिशवी उचलली. "आईला काय सांगू?"

"मीच सांगते. चल."

आई चुलीपुढं होती. सगळं ऐकून म्हणाली, "असं करायला नको होतंस." आणि माझ्या ताटात भाकरी वाढली. बापाच्या रानावर माझ्या वाट्याचा हक्क आहे, तो मी सोडणार नाही, एवढंच मी सांगितलं. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती.

त्या दिवाळीला मला कुणी बोलावलं नाही. मी पिशवी भरली आणि गेले. मला बघून दादा ओसरीवरून उठून शेताकडं गेला. मी दोन दिवस राहिले, पोटभर फराळ केला, भाऊबीजेला ताट घेऊन दारात बसले. तो आला नाही. तरी मी ताट लगेच उचललं नाही.

सातबारावर नाव चढायला, मोजणी व्हायला बरेच हेलपाटे पडले. शेवटी माझ्या वाट्याचा तुकडा वेगळा झाला. पावसाळ्यात मी शाळेतून रजा काढून तिथं तूर पेरली, शेजारच्या गावच्या दोन बायांना मदतीला घेऊन. रोपं वीतभर वर आली तेव्हा दादा बांधावर येऊन उभा राहिला. वर्ष उलटून गेलं होतं, आमच्यात एक शब्द नव्हता. त्यानं वाकून दोन रोपांमधलं अंतर बोटांनी मापलं.

"लई दाट पेरली," तो म्हणाला.

"विरळून घेईन," मी म्हणाले, आणि खुरपं घेऊन पुढच्या ओळीत बसले.