सायलेन्सरवरचे जोडलेले हात

राग यायला मला फार मोठं कारण लागत नाही. त्या रविवारी सायलेन्सरला चिकटलेले दोन जोडलेले हात पुरले.

हात प्लास्टिकच्या झेंड्यावर छापलेले होते. झेंडा वितळून क्रोमवर बसला होता. त्यावरचा चेहरा जळून काळा पडला होता, मिशीचं एक टोक तेवढं उरलं होतं, पण खालचा नमस्कार शाबूत होता. एवढं होऊनही विनम्र.

मोटारसायकल माझ्या वडिलांची. मेंढरांचा शेवटचा कळप विकला तेव्हा तात्यांनी ती घेतली आणि तेव्हापासून ती कळस गावातल्या घराच्या पडवीत उभी आहे. दर सोमवारी, इंजिन पूर्ण गार झाल्यावर, जुन्या धोतराच्या तुकड्याने ते तिचं क्रोम पुसतात. आधी कोरडं, मग किंचित ओलं, मग पुन्हा कोरडं. तापल्या सायलेन्सरवर पाणी ओतणारा माणूस त्यांच्या लेखी मेंढरं राखायच्याही लायकीचा नाही. गेली काही वर्षं मोतीबिंदूमुळे त्यांना ते क्रोम दिसत नव्हतं. तरी पुसणं थांबलं नाही. बोटांना गुळगुळीत लागलं की त्यांचं समाधान व्हायचं.

डोळ्याचं ऑपरेशन बारामतीत झालं. शेतावरची धूळ नको म्हणून दहा दिवस ते माझ्याकडेच राहिले. काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "गावाकडं गेलो की आधी गाडी बघणार. घरची माणसं काय, आवाजावरनं बी कळत्यात."

अशात चुलतभावाचा फोन आला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देतो-घेतो, एवढ्यावरून तो मला मास्तर म्हणतो.

"मास्तर, तात्यांची गाडी मोकळीच हाय न्हवं? इंदापूरला रॅली हाय. जुनी गाडी म्होरं लई शोभती."

ज्यांची रॅली होती ते गृहस्थ अजून काहीही झालेले नव्हते. फ्लेक्सवर ते 'भावी' होते. आमच्याकडे काम केलेल्या माणसाचा नारळ आणि शालीवर सत्कार उरकतो. काहीच न केलेल्याला मात्र डीजे लागतो. हे सगळं मला फोनवर सुचलं. मी म्हणालो मात्र एवढंच, "किल्ली कोनाड्यात हाय."

रविवारी जनावरांकडे बघायला म्हणून कळसला गेलो, तर पडवीत हा नमस्कार.

"हे काय?"

"झेंडा हाय," चुलतभाऊ म्हणाला. "मागं बांधला हुता. सुटला आन् चिकाटला. त्यात काय एवढं?"

"सायलेन्सरच्या वर बांधला होतास?"

"मंग काय सीटवर बसवू? गाडी पार शेळगावपस्नं पयल्या गियरात चालीवली. तापणारच की."

त्याच्या हातात भांड्यांची तारेची घासणी होती. मी ती काढून घेतली आणि ओढ्यापर्यंत जाईल अशा बेताने फेकली. तारेने प्लास्टिक निघतं आणि सोबत चकाकीही निघते. ओरखडा एकदा पडला की तो कुठल्याही पॉलिशने भरून येत नाही. तात्या बुधवारी परत येणार होते, नव्या डोळ्याने.

मी फडकं शोधायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा तो सायलेन्सरच्या टोकाशी उकिडवा बसला होता आणि क्रोमवर हिरवट फेस येत होता.

चुलतभाऊ साखर कारखान्यात आहे. उसाच्या रसाच्या नळ्यांना आतून दगडासारखी खपली धरते, ती ॲसिडने काढतात. त्यातलंच बाटलीभर त्याने घरी आणून ठेवलेलं. आमच्या भागात कारखान्यात नोकरी लागलेल्या माणसाला जगातली प्रत्येक घाण ही रसाच्या नळीतलीच वाटते.

"हात लावू नकोस."

"दोन मिन्टं थांबा की. तिकडं दगुड निगतो ह्यानं."

मी बादलीभर पाणी ओतलं, खायचा सोडा टाकला, पुन्हा पाणी ओतलं. झेंड्याला काहीही झालं नव्हतं. त्याच्या शेजारी मात्र अंगठ्याएवढ्या जागेवरचं क्रोम गेलं होतं आणि खालचा पिवळट धातू उघडा पडला होता.

"लांबनं दिसत न्हाय," तो म्हणाला.

मी त्याला घरी जायला सांगितलं. ज्या शब्दांत सांगितलं ते ग्रंथालयात चालत नाहीत.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. सायलेन्सर कोरडा करून गाडी दोन मिनिटं चालू ठेवली. प्लास्टिक मऊ होईल इतपतच ऊब, धूर निघेल इतकी नाही. बंद करून लाकडी कालथ्याच्या कडेने हळूहळू खरवडलं. मिशी निघाली. हात शेवटपर्यंत जोडलेलेच निघाले. गार झाल्यावर उरलेला पातळ थर नेलपॉलिश काढायच्या औषधाने, कापसाच्या बोळ्याने पुसला. तपकिरी करपट डाग राहिले, त्यांवर डब्यातल्या पोळीचा चांदीचा कागद चुरगाळून, पाण्यात भिजवून हलकेच फिरवला. तो क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडत नाही. संध्याकाळपर्यंत सायलेन्सरमध्ये माझा चेहरा दिसू लागला. मला तो बघवेना.

झेंडा पुसून निघाला. इलाजाचा डाग तेवढा राहिला.

बुधवारी तात्या रिक्षातून उतरले ते सरळ पडवीत. चुलतभाऊ आधीच येऊन खांबाला टेकला होता. तात्यांचं बोट क्रोमवरून गेलं आणि थांबलं.

"हितं काय झालं?"

"गंज हाय तात्या," चुलतभाऊ म्हणाला. "वय झालं गाडीचं."

"गंज तांबडा असतो. ह्यो पिवळा हाय. आता दिसतंय मला."

मी सगळं सांगितलं. झेंडा, ॲसिड, रॅली. चुलतभावाला सोडणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते माझ्याकडे वळले.

"त्यो मागणारच. दिली कुणी?"

"मी."

"तुला आवडतो त्यो भावी?"

"नाही."

"मंग?"

"नाही म्हटलं असतं तर भावकीत वाईट दिसलं असतं."

त्यांनी डागावरून पुन्हा बोट फिरवलं. "एवढी पुस्तकं वाचून हेच व्हय," म्हणाले. मग कोनाड्यातली किल्ली काढून त्यांनी कमरेच्या करदोट्याला बांधली आणि वर धोतर नीट केलं.

गृहस्थ अजूनही भावीच आहेत, त्यामुळे गेल्या महिन्यात पुन्हा रॅली निघाली. चुलतभाऊ आला. मी पडवीतच होतो.

"तात्या, गाडी…"

"किल्ली करदोट्याला हाय. घे सोडून."

त्याने धोतराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"न्हाय," मी म्हणालो.

तो गेला. तात्यांनी मान वर केली नाही, फडकं पिवळ्या डागावरून फिरवलं आणि पुढे गेले. शब्द एवढासाच होता. फोनवरही एवढासाच लागला असता.