ओतूरच्या प्रवाशाची नोंद

शिवाजीनगरहून ओतूरची एसटी पकडली, ती मीच करून ठेवलेलं निस्तरायला. नव्वदच्या दशकात मी पुण्यात विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात होतो. दोन गोरे आले, माझ्या इंग्रजीची तारीफ केली, एक फाउंटन पेन दिलं आणि मी खुळ्यासारखं किसन नावाच्या प्रवाशाची नोंद छापून दिली: पत्ता, खिडकीची जागा, शाकाहारी जेवण.

मग एक वकीलबाई आल्या. आखातात क्रेन कोसळून किसनचा सोबती गेला होता. त्याच्या बायकोचा दावा किसनच्या साक्षीवर उभा, साक्ष सोमवारी. आणि हे दोघे गोरे, कंपनीचे एजंट, ‘काही पाहिलं नाही’ अशी सही घ्यायला निघालेले. "गोड बोलून कुणी मागितलं, की किसनला नाही म्हणवत नाही," बाई म्हणाल्या. मला फार लाज वाटली.

मंचर, कळंब मागे पडलं, द्राक्षबागा लागल्या. ओतूरच्या स्टँडवर चहावाल्याला विचारलं, "किसन कुठं राहतो?"

"कोन किसन?" म्हणत तो धुतलेलेच कप पुन्हा धुऊ लागला.

बाकावरचा मफलरवाला उठला. "मी बाळू. मी बी त्यालाच हुडकतोय. ओझरला गेलाय म्हनत्यात. चला, पावणं."

वडापमध्ये (माणसं कोंबून नेणारी जीप) त्याने भांडून खिडकी मिळवली. मग डब्यातली मासवडी (बेसनात तीळ-खोबरं भरलेली वडी, मास नावापुरतंच) पुढे केली. "खावा. इमानात शाकाहारी मागितलं, तर काकडी न् पाव दिला राव."

मी त्याच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि वडी खाल्ली.

ओझरला देवळापाशी दोघे गोरे उभेच. कपाळाला गंध, हातात नारळ. सकाळपासून लोकांनी त्यांना तीन गावं फिरवून घरोघरी चहा पाजला होता. मला पाहून त्यांना हायसं वाटलं. "किसन सापडला? आणि हे कोण?" एकाने हसत कागद काढला. बाळूचा हात आपोआप पुढे जाऊ लागला, तो मी घट्ट धरला.

"माझा मेव्हणा. ठार बहिरा आहे. किसन जुन्नरला गेलाय."

ते जुन्नरला गेले.

परत स्टँडवर त्याने विचारलं, "मला कवा वळखलं?"

"काकडीला."

"आमी तुमालाबी एजंटच समजलो व्हतो. म्हनून दिसभर नजरंत ठिवलं." चहावाल्याने माझे पैसे घेतले नाहीत. किसनची सगळी नोंद त्या माणसाला तोंडपाठ होती आणि त्याने एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नव्हतं. मी मात्र एका पेनावर विकला गेलो. पुणं येईपर्यंत तेच डोक्यात राहिलं.

सोमवारी मी कोर्टात जाऊन बसलो. कंपनीचा वकील लोण्यासारखा मऊ आवाज काढून म्हणाला, "किसनराव, तुम्ही काही पाहिलं नाही, हो ना?"

किसनने मागे वळून मला शोधलं. मग कानाला हात लावला. "मोठ्यानं बोला साहेब, ऐकू येत न्हाई."

तिसऱ्यांदा वकील खेकसला. खेकसणाऱ्याला नाही म्हणायला किसनला काहीच जड गेलं नाही. "न्हाई. समदं पाह्यलं मी," तो म्हणाला आणि सगळं सांगितलं.

जबाबाखाली सही करायला पेन मी दिलं.